पैज हरण्याचा हंगाम

वॉलनट बेंड, आयोवा
ऑक्टोबरचा शेवटचा गुरुवार

प्रिय आणि (गेल्या दोन शनिवारांपासून) आदरणीय लॉर्ना,

नदीच्या या काठावरून तुझ्या धाकट्या भावाचा नमस्कार. तुझी पाठ आता कशी आहे? गरम पाण्याची पिशवी लावतेस ना? (नुसती उशाला ठेवून भागत नाही, लावावी लागते.) मांजर बरं आहे का? माझी तब्येत उत्तम आहे. भूक मात्र पूर्वीसारखी राहिली नाही, पण ती तुझं कार्ड आल्यापासूनची गोष्ट आहे.

कार्ड मिळालं. समोर पाय दुमडून बसलेली बदकं आणि आत तुझ्या वळणदार अक्षरात एवढंच: 'थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला येऊ नकोस. या वर्षी टर्की लहान आहे.' लॉर्ना, तू जन्मात कधी लहान टर्की आणलेली नाहीस. गेल्या वर्षीची एवढी होती की ओव्हनचं दार लागेना आणि तुझा बिचारा आर्विड दाराला पाठ टेकून दुपारभर बसून राहिला होता. तेव्हा टर्कीचं वजन मला सांगू नकोस. सख्खा भाऊ आपल्याच नातीच्या हरण्यावर पैजा लावतो आणि जिंकतो, वर मोठ्या बहिणीकडून आपल्या अंगणात पडलेली पानं दाताळ्याने ओढवून घेतो, याचा तुला संताप आला आहे. यायलाच हवा. मलाही आला असता. पण माझी बाजू ऐकून घे, आणि मग हे पत्र शेगडीत घालायचं असेल तर खुशाल घाल.

माझ्या अंदाजांची कीर्ती तुला मी सांगायला नको. आख्खा उन्हाळा मी वाट बघतो ती या फुटबॉलच्या हंगामाची: शुक्रवारी शाळांचे सामने, शनिवारी कॉलेजांचे, रविवारी (चर्चमधून आल्यावर, किंवा प्रवचन लांबलं तर तिथूनच मनातल्या मनात) मोठ्या संघांचे. माझा अभ्यास दांडगा आहे. कुणाचा गुडघा दुखतो, कुणाचा प्रशिक्षक बायकोशी भांडून आला आहे, सगळं मला ठाऊक असतं. आणि एवढं करून गुरुवारी सकाळी जोलीनच्या खानावळीत मी ज्या संघाचं नाव घेतो तो शुक्रवारी आपटतोच. वेंडेल न्हावी तर गेली कित्येक वर्षं माझं नाव ऐकून घेतो आणि बरोबर उलटं लावतो. या धंद्यावर त्याने आपलं अंगण एकदाही स्वतः झाडलेलं नाही. (आमच्याकडे पैज पैशांची नसते हे तुला माहीत आहेच. हरेल त्याने जिंकेल त्याच्या अंगणातली पानं ओढायची.)

यामागचं कारण आर्विडने फार पूर्वीच शोधून काढलं होतं. मी एकदा त्याला सांगत होतो की डनमोरचा संघ जिंकणार, कारण त्यांची बस वाटेत बंद पडली आणि पोरं शेवटचं अंतर पायी चालत आली. आर्विडने नाक ओढलं (शरद ऋतूत त्याचं नाक कायम वाहतं असायचं) आणि म्हणाला, "ऑर्विल, तू संघ निवडत नाहीस रे, दत्तक घेतोस."

त्याच्याकडून दरवर्षी हरलो. म्हणून तर दर शरदात दाताळं खांद्यावर टाकून मी पूल ओलांडून तुमच्याकडे यायचो. तुमच्या त्या दोन मेपलच्या झाडांची पानं म्हणजे काही थोडीथोडकी नाहीत. मी ओढायचो आणि आर्विड मागच्या पायरीवर बसून देखरेख करायचा. "कुंपणाकडचं राहिलं." "दाताळं उलटं धरलंयस." "हा ढीग म्हणायचा की मुंगीचं वारूळ?" मी त्याला चार शब्द सुनवायचो, तू खिडकीतून दोघांनाही सुनवायचीस, आणि शेवटी गरमागरम ॲपल-पाय यायचा. लॉर्ना, त्या अंगणातली पानं मी इतकी वर्षं ओढली की तो मला माझा हक्कच वाटू लागला होता.

मग जानेवारीत तो गेला.

चर्चची मंडळी फावडी घेऊन तुझ्या दारातला बर्फ काढायला आली, तेव्हा तू त्यांना कॉफी पाजलीस आणि फावड्यांसकट परत पाठवलंस. बायकांनी आणलेली जेवणाची भांडी तू दुसऱ्या दिवशी त्यांच्याहून चांगलं काहीतरी भरून परत केलीस. छपराची पन्हळ तुंबली तेव्हा मी शिडी घेऊन आलो, तर तू आधीच छपरावर होतीस. तुला कुणाचं काही नको असतं. उपकार तू घेत नाहीस. तू घेतेस ती फक्त जिंकलेली वस्तू. लहानपणी बाबांनी दिलेला सुकामेवा तू टेबलावर ठेवून द्यायचीस आणि माझ्याकडून पत्त्यांत जिंकलेला मात्र मिटक्या मारत खायचीस. त्यामुळे सप्टेंबरात मेपलची पानं पिवळी पडू लागली आणि मला प्रश्न पडला. आता मी कुठल्या तोंडाने दाताळं घेऊन येऊ?

तेव्हा ही अक्कल सुचली. तुझी नात ब्रिन यंदा तुमच्या न्यू हालेनच्या शाळेच्या संघात किक मारायला उभी राहिली. (मुलांच्या संघात एकटी मुलगी, आणि हेल्मेटखालून वेणी बाहेर. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला चष्मा पुसावा लागला.) सप्टेंबरभर मी न्यू हालेनचं नाव तोंडातून काढलं नाही. माझी सावली पोरीवर नको. बाकीचे माझे सगळे अंदाज रीतीप्रमाणे चुकले, म्हणजे माझं कसब शाबूत होतं. मग मी विचार केला: न्यू हालेन हरणार असं मी चारचौघांत ओरडून सांगितलं, तर आजवरच्या अनुभवानुसार न्यू हालेन जिंकणार. ब्रिनचं भलं होईल, आणि मी तुझ्याकडून पैज हरून सन्मानाने तुझ्या अंगणात येईन. ही योजना मला इतकी आवडली की मी स्वतःलाच दुसरा डोनट घेतला.

जोलीनची बहीण तुमच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवते, तेव्हा निरोप पोचायला वेळ लागला नाही. तुझं उत्तरही तिच्याच हाती आलं: 'मंजूर. दाताळ्याला तेल लावून ठेव.' मी खरंच लावलं.

पुढचं तू पाहिलंस. ब्रिनची शेवटची किक, अगदी जवळून, आणि चेंडू दोन खांबांच्या मधून जायचा तो बाहेरून गेला, न्यू हालेन हरलं. माझ्या तोंडून "अरे देवा!" निघालं, आणि वॉलनट बेंडची मंडळी माझी पाठ थोपटू लागली. जन्मात पहिल्यांदा माझा अंदाज बरोबर आला होता आणि मला तो परत करायचा होता. वेंडेल तर माझ्याकडे असा बघत होता, जणू मी त्याच्याच वस्तऱ्याने त्याची हजामत केली.

दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, तू आलीस. डोक्यावर आर्विडची टोपी, गाडीत दाताळं. मी कॉफी घेऊन बाहेर आलो तर म्हणालीस, "हरले ते फेडायला आलेय. बाजूला हो." माझ्या दारात रानसफरचंदाचं एकच झाड, आणि तेही टकलं. पण तू एकेक पान शोधून काढलंस, शेजारच्या मिसेस प्रुइटच्या आवारातून उडून आलेलीसुद्धा. मी खिडकीच्या पडद्यामागे उभा राहून मनातल्या मनात मेलो. दुपारपर्यंत मिसेस प्रुइटने गावभर केलं की ऑर्विल विधवा बहिणीला राबवून घेतो. दुकानात माझ्या पिशवीत अंडी तळाशी भरली गेली.

शहाण्या माणसाने इथे थांबावं. मी म्हटलं, एखादी चूक कुणाच्याही कसबाला माफ आहे, आणि पुढच्या गुरुवारी दुप्पट मोठ्याने ओरडलो. पुन्हा तेच झालं. पुन्हा ब्रिनची किक वाकडी, पुन्हा माझी पाठ थोपटली गेली. आयुष्यभर मनापासून संघ निवडले तेव्हा हरलो, आणि हरण्यासाठी निवडायला लागलो तर जिंकतोय! या वेळी तुझी पाठ धरली होती, म्हणून दाताळं घेऊन आली ती ब्रिन.

हे तुला तिने सांगितलेलं नसणार, म्हणून मी सांगतो. ती थेट कामाला लागली. सगळं आवार झाडलं, पानं पोत्यात भरली, आणि मग गाडीतून चेंडू काढून माझ्यासमोर उभी राहिली. "अंकल ऑर्विल, माझ्यावर एवढा राग आहे ना, मग निदान चेंडू तरी धर."

मी गवतावर बसलो. (बसणं सोपं होतं, उठण्याबद्दल नंतर पाहू असं ठरवलं.) चेंडू टेकवला, बोट लावून धरला. ती उभीच. मी म्हटलं, "अगं, मार की."

"थांबलेय."

"कशासाठी?"

तिने चेहरा पाडला. "ग्रँपा चेंडू टेकवला की नाक ओढायचा. जोरात, सुर्रर्र करून. मग मी धावायचे. आता मैदानात कोल्बी धरतो. तो अगदी गप्प असतो. कधी निघायचं तेच कळत नाही. नाहीतर उशीर होतो, नाहीतर घाई."

लॉर्ना, हे सगळं एका वाहत्या नाकावर अडलं होतं. पोर लहानपणापासून तुमच्या मागच्या अंगणात कपड्यांच्या दोरीवरून चेंडू मारायला शिकली ती त्या आवाजावर. आणि आम्ही सगळे तिच्या पायाकडे बघत बसलो होतो.

मी नाक ओढून पाहिलं. कोरडं ठणठणीत. "असं नाही," ती म्हणाली, "ते ओलं असायचं." मग मी तिला घरातून मिरपूड आणायला सांगितलं. चांगली चिमूटभर हुंगली. सुर्र तर आलीच, मागोमाग शिंकांची अशी रांग लागली की मला चेंडू दिसेना. तिसऱ्या शिंकेला ती धावली. चेंडू माझ्या दोरीवरून, रानसफरचंदावरून, कुंपणावरून सरळ गेला आणि मिसेस प्रुइटच्या, पक्ष्यांना दाणे घालायच्या लाकडी घराचा चुराडा झाला. (मला त्याचं फारसं दुःख नाही.) ब्रिन हसली. जानेवारीनंतर मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. हसता हसता ती गवतावर बसली आणि रडायला लागली, आणि मीही रडलो. मिरपुडीमुळे सुरुवात सोपी झाली, एवढंच. मलाही तो फार आठवतो, लॉर्ना. तुला मी हे कधी सांगितलं नाही, कारण तू शिडीवर असायचीस, छपरावर असायचीस, भांडी परत करत असायचीस. कधी सांगणार?

मग मी तिला पैजांची सगळी हकिगत सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे ग्रँमाची पानं ओढायला मिळावीत म्हणून तू एवढं केलंस? सरळ विचारायचंस की." आजकालच्या मुलांना कशाची भीती वाटत नाही. मला तुझी वाटते.

असो. कोल्बीला नाक ओढायला शिकवणं चालू आहे. सभ्य घरातला मुलगा आहे, जड जातंय, पण प्रयत्न प्रामाणिक आहेत. शेवटचा सामना उद्या. मला एवढंच कळवायचं होतं की तुझ्या नातीच्या विरुद्ध मी एक क्षणही नव्हतो. पाठीला जप. मांजराला माझ्या वतीने खाजव.

तुझा भाऊ (यंदा न मिळालेल्या सगळ्या पराभवांच्या दुःखात),
ऑर्विल

ता. क. टर्की खरंच लहान असेल तर मी नुसती मान खातो. मानेवर कुणी हक्क सांगत नाही. खुर्चीही मी घरून आणेन.

ता. क. २. आज जोलीनकडे मी कुणाचंच नाव घेतलं नाही. सगळे टपून बसले होते. वेंडेल कॉफी ढवळता ढवळता गार करून बसला. शेवटी त्याने विचारलं, "अरे, सांग की! न्यू हालेन का डनमोर?" मी म्हटलं, "मी नुसता बघायला जाणार आहे." खानावळीत एवढी शांतता आर्विडच्या बातमीनंतर पहिल्यांदाच झाली. सामन्याला तुझ्या शेजारी आर्विडची जागा मोकळी असते असं ऑर्गनवालीकडून कळलं. ती मला नको. त्याच्या पलीकडची दे. मी तोंड बंद ठेवीन, आणि मनातसुद्धा कुणाला दत्तक घेणार नाही. (ब्रिन सोडून.)

ता. क. ३. हे पत्र टपालाने उद्याच्या आत पोचलं नसतं, म्हणून स्वतःच घेऊन आलो. तू घरी नाहीस. ब्रिनच्या सरावाला गेली असशील. व्हरांड्यात वाट बघत बसलो होतो. दाताळं गाडीतच होतं. तेव्हा पुढचं अंगण झालं आहे. पैज नाही, काही नाही, मी नुसतीच ओढली. तुला हे उपकार वाटत असतील तर सगळी पानं पुन्हा पसरून टाक, मी काही म्हणणार नाही. मागचं अंगण उद्या सकाळी घेतो. मागची पायरी मी पुसून ठेवली आहे. तू तिथे येऊन बस. कुणीतरी बसून चुका काढल्याशिवाय मला ती पानं नीट ओढता येत नाहीत.