टेकू काढले त्या दिवशीची दोरी

प्रिय वामनकाका,

काल तुमच्या तेरवीला बीरगांवला आलो होतो. पंगतीत बसलो, जेवलोही. वाढताना तुमची सुनीता म्हणाली, "भैया, पापा बताते थे, मेरे साहब मराठी में डाँटते हैं." सगळे हसले. मीही हसलो! म्हणून आज लिहितो आहे.

नव्या राजधानीतला तो दुसऱ्या मजल्याचा मोठा स्लॅब. काँक्रीटचे नमुन्याचे ठोकळे मशीनमध्ये पास झाले आणि मी लगेच टेकू काढायला सांगितले, वर फरशीच्या पेट्या रचायलाही. तुम्ही सेंटरिंगचे मिस्त्री, स्लॅबखालचा साचा तुमच्याच हातचा. म्हणालात, "काहून घाई करून राहिले, साहेब? ठोकळा तं मिनिटभर दाबून सोडता. स्लॅबले वजन रोज धरून राहा लागते. कवळा हाय अजून, वाकतच जाते मंग."

"काका, पुस्तकं मी वाचलीत," मी म्हणालो. वाचली होती हो. त्यांतही हेच होतं!

टेकू निघाल्याबरोबर तुम्ही खालून दोरी ताणलीत, स्लॅब कुठे वाकला नाही ना ते पाहिलंत आणि पाइपांच्या कोनाड्यातल्या खांबावर लाल रंगाने तारीख घालून लिहिलंत: दोरी सरळ. मग पेट्या चढल्या.

काही महिन्यांनी स्लॅबला झोल दिसला. चौकशीत मी एकच ओळ लिहिली: सेंटरिंग मुळातच वाकडं होतं. तेवढ्यावर तुमचं काम गेलं.

का नाही भांडलात? तो खांब दाखवायचा होता! की मीच बोलेन म्हणून वाट पाहिलीत?

मागच्या महिन्यात तिथले दरवाजे अडकतात म्हणून मला पाहायला पाठवलं. दोरी ताणली. झोल आणखी वाढलेला. सेंटरिंगची चूक पहिल्याच दिवशी दिसली असती आणि तेवढ्यावरच थांबली असती. कोनाड्यात बॅटरी मारली. तुमचं अक्षर तसंच होतं.

'काकांकडे जायचं' असं डायरीत तीनदा लिहिलं. बीरगांव काय लांब आहे? भीत होतो, काका.

आता नव्या अहवालात त्या खांबाचा फोटो लावला आहे. खाली लिहिलं आहे की टेकू काढायला मी लावले आणि माझी जुनी ओळ खोटी होती. सोमवारी तो ऑफिसात देईन. पण त्याआधी, उद्याच, सुनीतासमोर बसून वाचेन. हिंदीत, तिला शब्द न् शब्द कळेल असा. ती उठून गेली तरी पुरा वाचेन.

तुमचा,
मराठीत रागावणारा अविनाश