थोरांच्या पाठीवर

३ जून
संकल्प: धाकटीला धावपटू करायचं. वय सात, म्हणजे उशीर झालाच आहे. मैदानावर लहानांचा गट आहे. तिथे पोरं पळतात, पडतात आणि बिस्किटं खातात. ते नको. मोठ्यांतच घाला, असं कोचला बजावलं. मी कॉलेजात संस्कृत शिकवतो. पहिल्याच दिवशी अवघड पाठ द्यावा, मुलं आपोआप वर येतात. (माझ्या वर्गात सध्या दोघे. त्यांतला एक पंखा बंद करायला आलेला शिपाई.)
कोच नाहीच म्हणत होता. मग त्याने धाकटीच्या काखांत हात घालून तिला उचललं, जोखल्यासारखं खालीवर केलं आणि चालेल म्हणाला. पारखी नजर!

५ जून
मोठ्यांच्या टोळीतली सर्वांत वेगवान मुलगी (सगळे लंबी म्हणतात) धाकटीला पाठीवर घेऊन चढ पळत गेली. हा ओळख करून घेण्याचा भाग असावा.

९ जून
ओळख चालूच आहे. आज चढावर धाकटी सर्वांच्या पुढे होती. लंबीच्या पाठीवर होती, पण पुढे होती. बाकावरून मी हनुवटी वर, कोपर आत, अशा सूचना दिल्या. घरी हिने विचारलं, अहो, पण ती स्वतः पळते कधी? दुर्लक्ष केलं.

१४ जून
टोळीने धाकटीला नाव ठेवलं: गोणी. गोणी इकडे आण रे, आधी माझा नंबर! आज तिच्यावरून दोघांचं भांडण झालं. निकाल लागेपर्यंत ती कठड्यावर ठेवलेली होती. शब्द थेट संस्कृतातला आहे, तेव्हा मानाचाच.

२० जून
धाकटी म्हणाली, बाबा, मी कधी पळायचं? उतावीळपणा बरा नव्हे, असं समजावलं. मग म्हणाली, तिकडे लहान मुलं पळतात. नवा नियम: तिकडे बघायचं नाही.

२ जुलै
वाईट बातमी. धाकटीचं वजन वाढलं. कोचने उचलून तोंड वाकडं केलं. लंबीच्या गुडघ्यांवर ताण येतो म्हणे. धाकटीचं दूध कमी करावं, असं घरी सुचवलं. हिने माझा चहा बंद केला.

११ जुलै, दुपार
स्पर्धा. लहानांची शर्यत. आमची मोठ्यांत तयार झालेली, त्यामुळे शेजारच्या बाकावरच्या गृहस्थांना निकाल आधीच सांगून ठेवला.
शिट्टी झाली. सगळी पोरं सुटली. धाकटी रेघेवरच उभी, दोन्ही हात वर करून. कुणीतरी उचलेल म्हणून.
गोणी, पळ की, असं टोळी ओरडली आणि हसत सुटली. धाकटीने मागे वळून पाहिलं, पण हात खाली केले नाहीत. शेवटी लंबीनेच तिला उचलून बाहेर आणलं. शेजारचे गृहस्थ भले. ते बुटाची नाडी बांधू लागले. बराच वेळ बांधत होते.

१२ जुलै
शर्यत सुरू करणाऱ्यांनी नियम नीट समजावले नव्हते. तक्रार करणार.

१५ जुलै
तक्रार राहिली. हिने धाकटीला लहानांच्या गटात घातलं. मला विचारलं नाही. धाकटीची एकच अट: बाबा नकोत. लहान आहे, कळेल पुढे.

२८ जुलै
झाडाआडून पाहिलं. धाकटी पळते. पडली, उठली, पुन्हा पळाली. कोपर फार बाहेर जातं. सांगायला पुढे झालो, तर मला पाहून थांबली.
परतताना कोचने माझं वजन विचारलं. गोळाफेकवाल्या पोरांना मोठं ओझं हवंय म्हणे. अखेर सिलेक्शन! हिला अजून सांगितलेलं नाही.

३० जुलै
गोळाफेकवाल्यांतल्या एका दांडग्याने मला पाठीवर घेतलं. कोपर आत, असं मी त्याला सांगितलं. थोडं पुढे जाऊन त्याने मला खाली ठेवलं. कोचने वाळूचं पोतं मागवलं. वजन तेवढंच, पण ते बोलत नाही, म्हणाला.
लहानांचा गट बिस्किटं खात बघत होता. हे कोण गं, असं एकाने धाकटीला विचारलं.
गोणी, असं ती म्हणाली.