उलटतपासणीचा सराव

२ जून २०२५
सुखरूप पोचले. शार्दूल स्टेशनवर आला होता. इकडे कानडी मुलखात, बेळ्ळंदूरला, त्यांचं घर अकराव्या मजल्यावर आहे. वारा इतका की टॉवेल बघता बघता वाळतो. सुनेने, सुखदाने, माझ्या खोलीत खिडकीशी खुर्ची ठेवली आहे आणि चहात आलं घालायचं लक्षात ठेवलं आहे. सांगलीहून निघताना धास्ती होती, ती गेली. पुष्कळ दिवसांनी पोटभर जेवले.

याच महिन्यात कोर्टात माझी साक्ष आहे. गेल्या वर्षी होसकोट्याच्या बसथांब्यावर ट्रकने धडक दिली आणि हे गेले. मी शेजारी उभी होते. पाहिलं असं सांगायला दुसरं कुणी पुढे आलेलं नाही.

५ जून
सुखदाबरोबर वकिलांकडे गेले. चिकपेटेत, साड्यांच्या दुकानावर ऑफिस. रघुनंदनराव इथल्या जुन्या मराठी घराण्यातले. मला अक्का म्हणतात. विमा कंपनीचं म्हणणं असं की हे रस्त्यात उतरून उभे होते, चूक ह्यांचीच. त्यांचा वकील माझी उलटतपासणी घेईल, म्हणजे मला खोटं पाडायला बघेल. तिचा सराव हल्ली वकील स्वतः घेत नाहीत, एआय घेतं. त्यांनी टॅब्लेट पुढे ठेवला. ही बाई स्वल्प कडक आहे, पण फी मागत नाही आणि कॉफीही, असं म्हणाले. मला हसू आलं.

आवाज बाईचा, मराठी स्वच्छ, अगदी शांत. हे थांब्यावर उभे होते, असं मी सांगितलं. तिने विचारलं, "हे म्हणजे कोण?"

मी रघुनंदनरावांकडे पाहिलं. रघुनंदनराव म्हणाले, "कोर्टाला 'हे' कळत नाही, अक्का. नाव घ्या. उखाण्यात घेतलंच असेल की." सुखदा हसली. नाव घ्यायला जमत नसेल तर मयत म्हणा, असंही म्हणाले.

टॅब्लेट घरी दिला आहे. रोज बसायचं.

९ जून
एकच नियम आहे. जे नक्की नाही ते सांगायचं नाही. मी पोस्टात नोकरी केली आहे, मला पटलं.

ट्रक निळा होता असं मी म्हणाले. तिने विचारलं, संध्याकाळ होती, निळाच ना, नक्की? मग रंग सोडला. ह्यांचा शर्ट पांढरा होता. तो तुम्हाला आठवतो, की पोलिसांच्या पंचनाम्यात वाचलात? वाचला होता खरा. शर्टही सोडला.

ती रागावत नाही. थांबते आणि पुन्हा विचारते.

१३ जून
मयत शेवटचं काय बोलले, असं आज विचारलं. ते मी कुणाला सांगितलेलं नाही, शार्दूललाही नाही. इथेही लिहिलं नाही आणि लिहिणार नाही. साधं वाक्य होतं, पण त्यात माझं नाव होतं. एरवी हे मला नावाने हाक मारत नसत.

तिला सांगितलं. सराव पुरा व्हायला हवा म्हणून.

बसचं इंजिन चालू होतं. मग शब्द ऐकू आले, की ओठ हललेले दिसले? ऐकू आले. नक्की? ती विचारत राहिली. शेवटी म्हटलं, नक्की नाही.

उत्तर मागे घेतल्याची नोंद करते, म्हणाली. रघुनंदनरावांनी फोन करून शाबासकी दिली. साक्षीदार पक्का होत चालला आहे म्हणे.

१७ जून
टॅब्लेट बंद करून कपाटात ठेवला होता. भाजी निवडताना प्रश्न ऐकू आला. मी उत्तर दिलं. वळून पाहिलं तर सुखदा दारात उभी. कुणाशी बोलताय, विचारलं. सराव, म्हटलं.

मयतांच्या डाव्या भुवईवर व्रण होता. फोटोत दिसत नाही. सोडला.

२० जून
साक्ष झाली. विमावाल्यांच्या वकिलाने थोडेच प्रश्न विचारले. अडखळले नाही. मयत थांब्यावर उभे होते. मयतांचा पाय रस्त्यावर नव्हता. रघुनंदनराव खूश. टॅब्लेट परत घेऊन गेले.

साक्ष होईपर्यंत अपघाताबद्दल माझ्याशी बोलायचं नाही, असं त्यांनी शार्दूलला बजावलं होतं. आज घरी येऊन तो माझ्याजवळ बसला. म्हणाला, "आई, बाबा शेवटचं काय म्हणाले?"

मी म्हणाले, "मयत काही बोलल्याचं मला नक्की आठवत नाही."

तो उठून खोलीत गेला. जेवला नाही.

२३ जून
रघुनंदनरावांना फोन केला. ह्यांच्या शेवटच्या वाक्याचं माझं ते उत्तर तेवढं ऐकवा म्हटलं. मागे घेतलेलं उत्तर ती ठेवत नाही, म्हणाले. सरी, ठीक आहे अक्का, आता विश्रांती घ्या.

टॅब्लेट त्यांच्याकडे आहे. मग स्वयंपाकघरात कोण विचारतंय —

२४ जून
माझं लग्न झालं होतं. लावून देणारे हयात नाहीत. सोडलं.

शार्दूल माझा मुलगा. जन्मदाखला सांगलीला आहे. बाहेर तो सुखदाशी हळू बोलतोय. आवाज त्याचाच — नक्की?

मी दार लावून घेतलं आहे.

२५ जून
शार्दूलसाठी लिहून ठेवते. भरभर लिहिते, म्हणजे विचारायला वेळ मिळणार नाही. थांब्यावर गर्दी नव्हती. ह्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली — पिशवी होती. होती. बस आली. हे माझ्याकडे वळले — मयत वळले — आणि म्हणाले —

मी शेजारीच होते. इतकी जवळ, की — मी तिथे होते. मी होते याला दुसरा साक्षीदार कोण —