आकाशनौकेतली बंद खोली

ती. आत्यास,
कंबर धरून, पण मनापासून पूर्ण वाकून नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? डोळ्यांत थेंब वेळेवर घालतेस ना? आणि काकांना अजूनही त्या किल्लीवरून रोज ऐकवतेस का? (एकतीस वर्षं झाली गं. पुरे की आता!) मी ठणठणीत. ठणठणीत कसला, हवेत आहे हवेत! कचेरीत एकोणीस वर्षं सांडपाण्याच्या नळांचे नकाशे काढणाऱ्या तुझ्या भाच्याला चक्क एका खेळाचे नकाशे काढायचं काम मिळालंय. पुस्तक छापून येणार, आणि आत पहिल्या पानावर माझं नाव! (नळांच्या नकाशावर नुसती सही असते, तीही साहेबांची.) फक्त गुरुवारपर्यंत एक चौकोन भरून द्यायचाय, नाहीतर काम दुसऱ्याकडे जाईल. पण ते नंतर.

खेळ कसला ते आधी सांगतो, नाहीतर तू पत्ते समजशील. पाच-सहा धडधाकट, कमावती माणसं टेबलाभोवती बसतात. एकजण गोष्ट सांगतो, तो सूत्रधार. बाकीचे गोष्टीतली पात्रं होतात, आणि उडी जमली की तंगडी मोडली हे फासे टाकून ठरतं. आमच्या गोष्टीत एक प्रचंड आकाशनौका हजार वर्षांपूर्वी दलदलीत कोसळलीय, तिच्यात आता मांत्रिक राहतात आणि इंजिनातलं तेल दिव्यात घालून मंत्र म्हणतात. (हसू नकोस. लिहिणारा गृहस्थ हे दाढी कुरवाळत फार गंभीरपणे सांगतो. मी त्याला दाढीच म्हणतो.) त्या नौकेचा नकाशा माझ्याकडे.

पहिला नकाशा मी जीव ओतून काढला. आग लागली तर प्रत्येक मजल्यावरून सुटकेचा जिना, मांत्रिकांना संडास, हवेला झरोके, सगळं अगदी नियमाप्रमाणे. हाताला वळणच ते, काय करणार? मग चाचणीचा खेळ झाला. त्यात एक दातांची डॉक्टरीण चिलखत घातलेली चेटकीण झाली होती. तिनं सहज विचारलं, मागून जिना आहे का? होता की! सगळी मंडळी मागच्या जिन्यानं थेट खजिन्यात! चार तासांची गोष्ट सात मिनिटांत आटोपली. दाढीनं कपाळ टेबलावर टेकवलं. प्रकाशकबाई एवढंच म्हणाल्या, की राक्षसाला न भेटता घरी जाता येत असेल तर पुस्तक घेईल कोण?

माझी पंचाईत अशी, की मला मनानं काही रचता येत नाही. जिथे पायानं चाललो तेवढंच हातातून उतरतं. आणि अडनिडं, वेडंवाकडं, एकही नियम न पाळणारं असं एकच घर मला पाठ आहे. तुझं! घेतला कागद आणि काढलं. तीनदा वळणारा बोळ, चौथी पायरी वाजणारा जिना, कोठीच्या खोलीतून स्वयंपाकघरात उघडणारी ती फट (जिच्यातून तू मला साखर खाताना पकडलंस). स्वयंपाकघराचं इंजिनघर केलं, बाकी फुटाफुटानं तेच. आणि आत्या, काय धमाल उडाली म्हणून सांगू! चार तास झाले तरी एकालाही बाहेर पडता येईना. चौथी पायरी वाजली की मांत्रिक धावलेच. डॉक्टरीण खुर्चीवर उभी राहून फासे टाकत होती. दाढीनं मला मिठी मारली!

पण वरच्या बोळाच्या टोकाला तुझी ती बंद खोली. मुलांना तिथे बंदी होतीच. मी नऊ वर्षांचा असताना किल्ली हरवली, तू ते काकांच्या माथी मारलंस आणि फर्मान काढलंस, की कुलूप फोडायचं नाही, ज्यानं हरवली त्यानंच आणून द्यायची. आत काय ते मी पाहिलेलं नाही, म्हणून नकाशात तो चौकोन पांढराच राहिला. तुझं फर्मान ऐकून दाढी नाचायचाच बाकी होता. ते त्यानं जसंच्या तसं गोष्टीत घेतलंय. दाराशी एक यंत्रबाई बसलेली, चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधणारी. तिच्यापुढे अजून कुणाचं चाललेलं नाही. शेवटी डॉक्टरीण म्हणाली, किल्ली बाहेर शोधून उपयोग नाही, ती आपल्यातल्याच कुणाच्या तरी खिशात असणार. सगळे हसत खिसे चाचपायला लागले. मी पाणी प्यायला उठलो.

तर असा सगळा आनंदीआनंद आहे. काकांना साष्टांग नमस्कार.

तुझा,
नळवाला भाचा

ता. क. खरं काम राहिलंच. ती खोली उघडून तिची लांबी-रुंदी आणि आत काय काय आहे, ते गुरुवारच्या आत कळव.

आणखी एक ता. क. कशी उघडू, म्हणशील. पाकिटात कागदाची पुडी आहे, तिच्यात किल्ली. माझ्या शाळेच्या कंपासपेटीत, तळाच्या कागदाखाली होती. 'परवा सापडली' असं लिहिणार होतो, पण तुझ्याशी खोटं बोलायची अजून हिंमत नाही. कुठे आहे ते मला पहिल्यापासून माहीत होतं. तिचे दाते फार सुरेख होते, म्हणून कागदावर ठेवून गिरवत होतो. तेवढ्यात तुझा आरडाओरडा सुरू झाला, तू काकांना धारेवर धरलंस, आणि मी गुपचूप पेटी मिटली.

शेवटचा ता. क. पाकीट चिकटवताना लक्षात आलं, तुझ्या त्या फर्मानाप्रमाणे किल्ली पोस्टानं चालायची नाही. पुडी काढून घेतलीय. बुधवारी सकाळी मीच घेऊन येतो. खोलीत पहिलं पाऊल काकांचं. मी आलो की चौथी पायरी वाजेलच. तेव्हा जे काय ओरडायचं ते मला ओरड, काकांना नको.