वैजूच्या तोंडातला घास

डोंबिवली,
१८ एप्रिल १९९३

सौ. मंजुळावहिनीस,

रंभाचा नमस्कार. आम्ही इकडे ठीक. कळव्याला दादा, नामा आणि दोघी पोरी बऱ्या असतील. दोन वर्षांनी नणंदेला पत्र सुचलं, म्हणून आधी मला चार शिव्या घाल आणि मग पुढे वाच.

ठीक लिहिलं खरं, पण नाही गं. माझ्या वैजूला शिंका लागल्या की थांबत नाहीत, मग छातीत घरघर. आत्ताच उठून बघून आले. चित्रं काढतेय. मी दिवसातून तीनदा फरशी फिनेलने पुसते, उश्यांचे अभ्रे उकळते, तरी पोरीचे डोळे लाल ते लालच.

परवा डॉक्टरबाईंनी तिलाच विचारलं, "घरी कोणाबरोबर खेळतेस गं?"

"कोणी नाही. आई पुसत असते."

मला तोंड कुठे लपवू असं झालं.

बाई म्हणाल्या, परदेशातल्या एका डॉक्टरने मांडलंय, घरात भावंडं जास्त असली की हा त्रास कमी दिसतो. लहानपणी एकमेकांचे बारीकसारीक जंतू लागले की शरीर शिकतं, कोणाशी भांडायचं आणि कोणाला सोडायचं. अजून पक्कं नाही म्हणे. पण मला खाडीच्या चिखलात लोळणारी, एका ताटात जेवणारी तुझी तिघं दिसली.

"मग माहेरी चिखलात सोडू का हिला?"

"चिखल म्हणजे औषध नव्हे. श्वासाचा पंप चालूच ठेवायचा. पण माणसांत तर न्याल?"

इथवर लिहून चहा केला. प्यायला नाही.

वहिनी, त्या शिमग्याला तू बोंबलाचं कालवण-भात कालवून वैजूला भरवलास आणि मी तिच्या तोंडात बोट घालून तो घास बाहेर काढला. जंतू असतात, मी म्हणाले. जंतू कसले! माझ्याबरोबर आलेली शेजारीण नाकाला पदर लावून बसली होती. मला आपल्या घराच्या वासाची लाज वाटली. आई गेल्यावर ज्या हातांनी मला वाढवलं, त्या हातांची लाज वाटली. तू उठून हात धुऊन आलीस. ते मला रोज दिसतं.

येत्या रविवारी वैजूला घेऊन येते. पंप आणेन, शेजारीण आणणार नाही. दारातून परत पाठवलंस तरी तुझा हक्क आहे. आत घेतलंस, तर भात तूच कालव. पहिला घास मला दे, म्हणजे वैजू बघेल.

तुझ्याच हातची वाढलेली,
रंभा