आसनामागचे ठिगळ

मी, खाली सही करणारी, वय वर्षे ब्याऐंशी, अविवाहित, निवृत्त दंतवैद्य, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा दाखला शेजारच्या डॉक्टरांनी दिला असून तो सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणण्यापुरतेसुद्धा हल्ली कोणी फिरकत नाही. यापूर्वीचे मृत्युपत्र मी फाडून टाकले आहे, कारण त्यात सगळे भाच्याला दिले होते.

१. राहते घर व तळमजल्यावरचा दवाखाना माझ्या मदतनीस बाईंना द्यावा. मेल्यावर कळवळा दाखवणारे खूप भेटतील. माझे जिवंतपणी त्यांनी केले. रोग्याची खुर्ची विकायची असल्यास ती वर जाताना कुरकुरते, हे घेणाऱ्याला आधी सांगावे.

२. बँकेतील ठेवही त्यांनाच. भाच्याने भांडू नये. भांडल्यास पुढची कलमे कोर्टात मोठ्याने वाचावीत.

३. आता माझ्या धाकट्या भावाचे. तो लढाऊ विमानाचा वैमानिक होता. युद्धात एका चकमकीतून तो सर्वांच्या आधी एकटाच परतला. मागून गोळी लागली, विमान हातात राहीना, असे त्याने सांगितले. त्याच्या तुकडीप्रमुखाने अहवालात लिहिले की विमानावर ओरखडाही नाही. झाले! जन्मभर पळपुटा. त्याची बायको, माझी भावजय, आता हयात नाही, तेव्हा तिच्याबद्दल लिहू नये. पण लिहितेच. ताट वाढून ती म्हणायची, "पळपुट्याला भूक मात्र बरी लागते." तो मान खाली घालून जेवायचा.

४. तो गेल्यावर मी त्याच्या विमानाचा माग काढला. ते दोनदा रंगवले होते, बाहेरचा क्रमांक दोनदा बदलला होता आणि शेवटी आमच्याच गावच्या तंत्रशाळेच्या आवारात चौथऱ्यावर चढवले होते. पण कारखान्यात सांगाड्यावर ठोकलेला क्रमांक कोणी बदलत नाही. तो अशा सांदीत असतो की तिथे डोके शिरत नाही. मी दाढेमागे पाहायचा आरसा घातला. क्रमांक जुळला. शिवाय आसनाच्या मागे, बाहेरच्या पत्र्याला आतून रिव्हेट मारून बसवलेले तळहाताएवढे ठिगळ दिसले. त्या विमानात बसून मी ढसाढसा रडले. ठिगळ जाणकारांसमक्ष उघडावे, असा अर्ज मी प्राचार्यांना दिला. ते म्हणाले, "समारंभ तेवढा होऊन जाऊ दे."

५. समारंभ भाच्याचा होता, विमानापाशी बापाच्या नावाची पाटी लावण्याचा. हे तुझ्या वडिलांचे विमान, असे मीच त्याला हरखून सांगितले होते. मूर्ख मी. त्याने स्वखर्चाने विमान नवे करवले आणि आसनामागचा तो भागच कापून तिथे कोरा पत्रा बसवला. मी जाब विचारला तर म्हणतो कसा, "आत्या, ठिगळाचं विमान लोकांपुढे कसं ठेवायचं? बाबांची शोभा होईल."

संगमरवरी पाटीवर बापाचे नाव वर आहे, मुलाचे खाली आणि दुप्पट मोठ्या अक्षरांत. भाच्याला माझ्याकडून दात तपासायचा तो आरसा द्यावा. त्यात त्याने आधी स्वतःचे तोंड पाहावे.

६. कापलेला तुकडा मी भंगारवाल्याकडून सोडवून आणला. ठिगळ उचकटून पाहिले. खाली गोळीचे भोक आहे आणि त्याच्या कडा आत वळल्या आहेत. तंत्रशाळेने विचारले, हा तुकडा याच विमानाचा कशावरून? बरोबरच आहे. जागेवर होता तोवर तो साक्षीदार होता, आता नुसता पत्रा आहे. तो कुठला हे ज्याला ठाऊक आहे त्याला तो द्यावा. असा एक माणूस अजून जिवंत आहे.

७. म्हणून या मृत्युपत्राला दुसरा साक्षीदार मी मुद्दाम निवडला आहे. युद्धात माझ्या भावाच्या विमानाची देखभाल करणारा मेकॅनिक. मी त्याच्याकडे कितीदा गेले, दर वेळी एकच उत्तर: "आठवत नाही, ताई." त्याची कवळी मीच बसवली आहे, माझ्यापुढे त्याने तोंड उघडले ते तेवढ्यापुरतेच. साक्षीदाराला मजकूर वाचावा लागत नाही, हे मला वकिलांनी सांगितले आहे. तरी याला सहावे कलम वाचल्याशिवाय आणि पत्रा हातात घेतल्याशिवाय मी सही करू देणार नाही.

मृत्युपत्र करून देणार: सही

साक्षीदार पहिला, शेजारचे डॉक्टर: बाईंनी माझ्यासमोर सही केली. सही

साक्षीदार दुसरा, निवृत्त मेकॅनिक: वकीलसाहेब नको म्हणतात, तरी लिहितो. ठिगळ माझ्या हातचं आहे. प्रमुखसाहेब म्हणाले, अहवाल गेलाय, उद्या विमान लागतंय, बुजव आणि गप्प बस. मी नोकरीला भ्यालो. ताई, पळाला तो तुमचा भाऊ नव्हे, मी. सही

ठिकाण: राहत्या घरचा दवाखाना.
दिनांक: आजचा. भाऊ जाऊन अकरा वर्षे झाली.