तळहातांमधली फट

डिसेंबर, बुधवार. संध्याकाळ.

आज पुन्हा चिमूरहून बसनं चंद्रपूरले गेली, हातात अ‍ॅक्युपंक्चरच्या सुया टोचून घ्याले. आमवातानं बोटं अशी वाकली की बुद्धवंदनेले हात जोडले तरी मधात फट राह्यते. मागच्या खेपेले सुया काढल्यावर ठणका कमी झाला होता, तं मले वाटलं, आता ही फटही बुजन. वेडीच मी.

आज डॉक्टरले सरळ विचारलं. ते म्हणाले, "बाई, सुयांनी दुखणं हलकं होते. वाकलेली बोटं सरळ नाई होत. अन् गोळ्या सोडू नका."

मी म्हटलं, "मंग अजून टोचा ना! जिथी जागा दिसन तिथी टोचा. मी रडत नाई."

त्यायनं सुयांचा डबा बंद केला. काऊन?

घरी येईपर्यंत ठणका पुन्हा सुरू. सून मले कणकेले हात लावू देत नाई आता. जन्मभर याच हातांनी धानाची रोवणी केली ना मी...

मंग आमी सारे वंदनेले बसलो. फट कोणाले दिसू नये म्हणून मी पदराखाली हात जोडले. बाजूले नात होती. हात जोडणं तिले मीच शिकवलं. तिनं डोळे मिटले, हात जोडले. बोटं वाकडी, तळहात दूर, मधात फट.

सून म्हणाली, "असे नाई पिल्लू, नीट जोड."

तं पोरगी म्हणते, "आजी असेच जोडते."

आता तिले दाखवाले सरळ हात मी कुठून आणू?